साइट बघून लोक फोनच का करतात?

ताई, वाचणाऱ्या इतरांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. इंदूरला लोकमान्य नगरात तुमचा आणि सासूबाईंचा फराळ, पापड-कुरडया आणि मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे. दीड वर्षापूर्वी भाच्याच्या मित्राकडून वेबसाइट करून घेतली. लोक ती बघतात, पण ऑर्डर फोनवर किंवा व्हॉट्सॲपवरच देतात. साइटवरून महिन्याला जेमतेम दोन-चार येतात. आता एकाने ८० हजारांत ‘मॉडर्न लूक’ची नवी साइट करून देतो म्हटलंय. नवी करावी की आहे तीच सुधारावी, असं तुम्ही विचारलंय.

मी १८ वर्षं इंदूरमध्ये हेच काम करते. छोटी दुकानं, क्लासेस, दवाखाने, दोन-तीन मराठी संस्था यांच्या साइट्स केल्या आहेत. त्यामुळे आधी स्पष्ट सांगते, ते ८० हजार तूर्त बँकेतच राहू द्या. साइट बघून माणूस फोन करतो, म्हणजे त्याला तुमचा माल हवा आहे. त्याला हवी ती गोष्ट साइटवर सापडली नाही म्हणून तो तुम्हाला विचारतो. तो काय विचारतो हे कळण्याआधी नवी साइट केली, तर तिच्यातही तीच गोष्ट राहून जाईल.

म्हणून पहिलं काम कॉम्प्युटरवर नाही. फोनशेजारी एक वही ठेवा, पंधरा दिवस. प्रत्येक फोनला समोरच्याने काय विचारलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘चौकशी’ किंवा ‘दर विचारला’ असं आटोपू नका. ‘चकली भाजणीची का तांदळाची?’, ‘तळता कशात, पामतेल तर नाही?’, ‘पाव किलोत नग किती बसतात?’, ‘दीदी, पुणे कितने दिन में पहुँचेगा?’, ‘फुटून नाही ना येणार?’, ‘शेंगदाणा अजिबात नको, नातवाला चालत नाही’ असं जसंच्या तसं. सासूबाईंनी घेतलेले फोनही त्यात आले पाहिजेत. त्या जे सहज सांगून टाकतात ते तुम्हालाही नवीन वाटेल.

पंधरा दिवसांनी वही उघडली की दिसेल, तेच पाच-सहा प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत. माझ्या प्रत्येक कामात असंच झालंय. एका दवाखान्याच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, ‘डॉक्टर आज बसणार आहेत का?’ त्यांच्या साइटवर डॉक्टरांच्या पदव्या होत्या, यंत्रांचे फोटो होते, आज बसणार की नाही तेवढं नव्हतं. आम्ही ती एक ओळ सगळ्यात वर आणली आणि रोज सकाळी ती बदलायचं काम रिसेप्शनवरच्या मुलीकडे दिलं. बाकी साइटला हात लावला नाही. फोन कमी झाले.

तुमची साइट मी फोनवर उघडून बघितली. वर तीन चित्रं फिरतात, त्यांवर ‘परंपरेची चव’ असं लिहिलंय. पहिला पदार्थ दिसायला चार वेळा बोट सरकवावं लागतं. दर दिसतो तो पदार्थ कार्टमध्ये टाकल्यावर आणि पाठवणीचा खर्च अगदी शेवटी, पत्ता भरून झाल्यावर. फिरणारी चित्रं काढून टाका. त्या जागी पदार्थांची नावं, वजन आणि दर येऊ द्या. प्रत्येक पदार्थाच्या पानावर वहीतली उत्तरं द्या: कशापासून केलंय, कुठल्या तेलात तळलंय, २५० ग्रॅमच्या पाकिटात साधारण किती नग येतात, किती दिवस टिकतं, कधी पाठवाल. सासूबाई फोनवर जशा बोलतात तशाच भाषेत लिहा. ‘उत्कृष्ट दर्जाच्या घटकांपासून निर्मित’ हे कोणी बोलत नाही. ‘भाजणी घरीच भाजून दळतो, तळणीला शेंगदाणा तेल’ हे वाचून माणूस ऑर्डर देतो. अर्थात, खरोखर तसं करत असाल तरच लिहा.

आता शेजारच्या काकूंची गोष्ट सांगते, कारण तुमच्या साइटचं दुखणं मला तिथे कळलं. काकू ६८ वर्षांच्या आहेत, रोज फोनवर भजनं ऐकतात, मुलाशी व्हिडिओवर बोलतात, म्हणजे फोनला घाबरणाऱ्या नव्हेत. मी तुमची साइट त्यांच्याच फोनवर उघडून दिली आणि म्हटलं, ‘पुण्याच्या भाचीला अर्धा किलो चकली पाठवायची आहे असं समजा.’ पुढे मी काही बोलले नाही.

काकूंनी चकलीच्या फोटोवर बोट ठेवलं. फोटो मोठा झाला. त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा फोटोवरच बोट ठेवलं. असं तीनदा झालं. फोटोवर बोट ठेवलं की त्या वस्तूचं पान उघडेल असं त्यांना वाटलं आणि ते रास्तच होतं. मग खालचं ‘ॲड टू कार्ट’ दिसलं. शेजारी संख्येचा रकाना होता, त्यात ‘१’. ‘एक म्हणजे किलो ना?’ त्यांनी मला विचारलं. मी गप्प. त्यांनी ‘१’ तसाच ठेवला. ते होतं २५० ग्रॅमचं एक पाकीट. ऑर्डर पुरी झाली असती तर भाचीला पाव किलो चकली गेली असती आणि दोष तुमच्यावर आला असता.

पुढे फॉर्म आला. काकूंनी नाव मराठीत लिहिलं. फॉर्मने लाल अक्षरांत इंग्रजीत सांगितलं की नाव चुकीचं आहे. ताई, त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघून मला फार वाईट वाटलं. ६८ वर्षं जे नाव त्या लावतात ते त्यांच्या भाषेत लिहिलं म्हणून चूक ठरलं आणि तेही एका मराठी घराने चालवलेल्या साइटवर! त्यांनी नाव इंग्रजीत केलं. मोबाइल नंबर टाकला, तोही चुकीचा निघाला, कारण त्यांच्या फोनच्या मराठी कीबोर्डने आकडे देवनागरीत टाकले होते. तो दुरुस्त करून बटण दाबलं तर पिनकोड राहिला असा निरोप आला आणि तोवर भरलेलं सगळं पुसलं गेलं. काकूंनी फोन टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ‘नंबर आहे ना त्या फराळवालीचा? फोनच करते. सोपं पडेल.’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्याकडून मिळालं. यातली एकही गोष्ट ‘लूक’ची नाही आणि प्रत्येकीवर उपाय आहे. साइट करणाऱ्या त्या मुलाला, म्हणजे भाच्याच्या मित्राला, पुढचं नेमकं दाखवा.

नाव तपासताना बहुतेक प्रोग्रामर फक्त इंग्रजी ए ते झेड चालतील अशी अट घालतात. ती अट काढून टाकायची. नाव रिकामं नाही ना, एवढं बघितलं तरी पुरे. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने नकोत, एकच द्या. आकड्यांचं कारण थोडं खोल आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी ० ते ९ यांना स्वतःचे वेगळे क्रमांक आहेत. नंबर तपासणारा नेहमीचा कोड इंग्रजी आकडेच ओळखतो, त्याच्या लेखी ‘९’ हा आकडाच नसतो. तपासण्याआधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घ्यायचे, तेवढ्यासाठी चार-पाच ओळींचा कोड पुरतो. शिवाय तो रकाना टेलिफोनचा आहे असं कोडमध्ये नीट सांगितलं, की फोन आपणहून आकड्यांचा मोठा कीपॅड उघडतो. चूक झाली तर ती त्या रकान्याच्या खालीच, मराठीत, काय करायचं हे सांगणारी असावी: ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा, इथे ९ अंक आलेत.’ भरलेलं काही पुसलं जाता कामा नये. संख्येच्या रकान्याऐवजी ‘२५० ग्रॅम’, ‘५०० ग्रॅम’, ‘१ किलो’ अशी बटणं द्या. तुमच्या फॉर्ममध्ये जन्मतारीखही विचारली आहे, ती काढा. चकली पाठवायला जन्मतारीख लागत नाही. आता २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे, कामापुरतीच माहिती घ्यायची.

पिनकोड मात्र शेवटी नको, अगदी सुरुवातीला विचारा. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो बसवला टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, आपले संस्कृत कवी ते. एकाच नावाची गावं अनेक, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले, त्यामुळे पत्रं भलतीकडे जायची. त्यावर त्यांनी सहा आकडे काढले, कुठल्याही भाषेच्या माणसाला चालतील असे. वापरणाऱ्याचा विचार म्हणजे काय हे नव्या मुलांना शिकवताना मी हे उदाहरण नेहमी देते. तुमच्या साइटवर त्याचा सरळ उपयोग करा. पदार्थाच्या पानावरच एक छोटा रकाना, ‘कुठे पाठवायचंय? पिनकोड टाका’. पहिले तीन आकडे ४५२ असतील तर पार्सल इंदूर शहरातलं, घरपोच कधी आणि किती रुपयांत ते लगेच दाखवा. ४११ असेल तर पुणे, कुरिअरचा खर्च आणि दिवस दाखवा. गावाचं नाव साइटनेच भरावं. काकूंच्या भाचीचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

यात कायद्याचाही भाग आहे. खर्च शेवटच्या पानावर उघड करणं ही नुसती गैरसोय नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑनलाइन फसवणुकीचे १३ प्रकार सांगितले आहेत. त्यात शेवटपर्यंत खरी किंमत लपवणं आहे, न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसडणं आहे, ‘फक्त दोनच उरलेत’ अशी खोटी घाई लावणंही आहे. तुमचा हेतू तसा नाही हे मला माहीत आहे, पण साइटचा तयार साचा जसा आला तसा वापरला की या गोष्टी आपसूक येतात. तुमच्या साइटवर ‘१५ जण आत्ता हे बघत आहेत’ असं झळकतं. तो आकडा साच्याने मनाने टाकलेला आहे, आजच काढा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आधीच टिक केलेली संमतीची चौकटही चालत नाही. तुमचं नाव, पत्ता, संपर्क, माल खराब निघाला तर काय करणार हे ठळक असलं पाहिजे आणि पाकिटावर छापता तो अन्न परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक साइटवरही द्या.

पैसे भरण्याच्या पानावर यूपीआयचा क्यूआर कोड लावलाय. फोनवरच्या माणसाने तो स्कॅन कसा करायचा? कोड त्याच्याच हातातल्या फोनच्या पडद्यावर आहे. लोक स्क्रीनशॉट काढतात, मग ॲपमध्ये जाऊन गॅलरीतून तो उचलतात. ज्याला हे माहीत नाही तो तिथेच थांबतो. फोनवर ‘यूपीआयने भरा’ असं बटण हवं, जे दाबलं की फोनमधलं ॲप रक्कम भरलेली घेऊनच उघडतं. क्यूआर कोड फक्त मोठ्या पडद्यावर दाखवायचा.

आता भाषेकडे वळते. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना इथेच सगळ्यात जास्त त्रास होतो आणि बाहेरगावचा डिझायनर इथेच चुकतो. तुमची साइट, माणूस कुठून बघतोय त्यावरून भाषा ठरवते. इंदूरहून उघडली की हिंदी, पुण्याहून उघडली की मराठी. म्हणजे राजेंद्र नगरातली, रामबागेतली, लोकमान्य नगरातली तुमची हक्काची गिऱ्हाइकं हिंदी साइट बघतात आणि पुण्यात नोकरीला गेलेला इंदुरी हिंदीभाषक मुलगा मराठी. जागेवरून भाषा ओळखणं ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर इथे चालतच नाही. वर उजव्या हाताला साधी निवड द्या, मराठी आणि हिंदी अशी नावं स्पष्ट लिहिलेली, इंग्रजी तिच्या लिपीत. झेंड्यांची चित्रं नकोत. एकदा निवडलेली भाषा साइटने लक्षात ठेवावी आणि प्रत्येक भाषेच्या पानाला वेगळा पत्ता असावा, म्हणजे कोणी लिंक पाठवली तर समोरच्याला त्याच भाषेत उघडते.

हिंदी पानं मशिनने भाषांतर केलेली दिसतात. ती कोणाकडून तरी नीट लिहून घ्या. यंत्राला कडबोळी आणि कडकणी यातला फरक कळेल या भरवशावर फराळ विकू नका. नावांचं आणखी एक आहे. आपण करंजी म्हणतो, शेजारचा गुजिया शोधतो. आपले शंकरपाळे त्याचे शक्करपारे, आपली शेव त्याची सेव. शिवाय दोन्हीकडची तरुण मुलं इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. पदार्थाच्या पानावर ही दुसरी नावंही मजकुरात सहज येऊ द्या आणि साइटमधल्या शोधाला ती सगळी ओळखता आली पाहिजेत. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. लोक कुठले शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत येतात हे तिथे दिसतं, त्यावरून यादी वाढवत न्या.

तुमच्या ‘आमच्याविषयी’ पानावर मधेच इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. तो मजकूर छपाईच्या दुकानातून पत्रकासाठी करून घेतला असणार, कृतिदेव फॉन्टमध्ये. मध्य प्रदेशात डीटीपीवाल्यांकडे आजही कृतिदेव चालतो. त्यात ‘कमल’ लिहिलं तर कॉम्प्युटरच्या लेखी ते डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसला की रूप जातं, खालची अक्षरं उघडी पडतात. गूगलला तो मजकूर सापडत नाही, वाचून दाखवणाऱ्या ॲपला वाचता येत नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारी साधनं फुकट मिळतात, पण त्यानंतर डोळ्यांनी एकदा वाचाच. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास हलते.

याच्याशी लागून मराठीच्या काही खास गोष्टी आहेत. ‘पुऱ्या’, ‘सोऱ्या’ यांतला ऱ्य चुकून ‘पुर्या’ असा पडतो. ज्याला मराठी येत नाही त्याला ते दिसतसुद्धा नाही. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं नोंदवायची जागा असते, बहुतेक साइट्सवर तिथे इंग्रजीच राहून जातं. ती नोंद बरोबर असली तर चांगला फॉन्ट मराठी वळणाचा ल आणि श दाखवतो आणि वाचून दाखवणारं ॲप मराठी उच्चार धरतं. इंग्रजीसाठी आखलेलं बटण देवनागरीला बुटकं पडतं. तुमच्या ‘कुरडया’ बटणात उकार कापला गेलाय, बघा. बटणाची उंची ठरावीक न ठेवता मजकुराप्रमाणे वाढू द्यायची, दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवायचं. शीर्षकात अक्षरं लांब लांब करण्याची फॅशन आहे, तिने शिरोरेषा तुटते. आपल्या लिपीत ते करूच नये. फॉन्ट एकच घ्या. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा ‘मुक्त’ फुकट आहे, स्वच्छ वाचता येतो. त्याची जाड आणि साधी अशी दोनच वजनं घ्या, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते. फॉन्ट उतरेपर्यंत फोनमधल्या फॉन्टने मजकूर दिसत राहील अशी सोय करायला सांगा.

जडपणाचाच दुसरा भाग फोटोंचा. तुमच्या पहिल्या पानावर १२ फोटो आहेत, मोबाइलने काढले तसेच चढवलेले, प्रत्येकी ४ एमबीच्या आसपास. झाले ४८ एमबी. सेकंदाला ८ मेगाबिट वेग मिळाला तर सेकंदाला १ एमबी उतरतो, म्हणजे ४८ सेकंद. रात्री इथल्या सराफ्याच्या खाऊबाजारात गर्दीत उभं राहून कोणी तुमची साइट मैत्रिणीला दाखवायला गेलं तर तेवढाही वेग मिळायचा नाही. फोनच्या पडद्याला हजारेक पिक्सेल रुंदीचा फोटो भरपूर होतो. तोच फोटो त्या मापाचा करून वेबपी या हलक्या फाइलच्या प्रकारात ठेवला तर साधारण १०० केबीत बसतो. बारा फोटोंचे मिळून सव्वा एमबी. खालचे फोटो माणूस खाली गेल्यावरच उतरावेत, तेवढी एक खूण कोडमध्ये घालायची असते. फोटोची लांबी-रुंदीही लिहायला सांगा. नाहीतर फोटो उशिरा येतो, पान खाली ढकललं जातं आणि बोट ‘५०० ग्रॅम’वर जाता जाता ‘काढून टाका’वर पडतं.

यासाठी गूगलची मापं ठरलेली आहेत. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान हलण्याचं माप ०.१ च्या खाली असावं, तेही ७५ टक्के भेटींत. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या पानावर साइटचा पत्ता टाकला की फुकट कळतं. साइट करणाऱ्या मुलाला दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही निकाल दाखवायला सांगा, म्हणजे काम झालं की नाही यावर वाद होणार नाही.

दरपत्रकाचंही चित्र करून लावलंय, व्हॉट्सॲपवर फिरवता तेच. फोन धरून बोटांनी ते मोठं करत वाचावं लागतं. तुमच्या गिऱ्हाइकांत एखादी दृष्टिहीन व्यक्ती असेल तर तिच्या फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं ॲप, चित्रातले दर वाचू शकत नाही, तिच्यासाठी तिथे नुसतं ‘इमेज’ आहे. दर मजकूर म्हणून लिहा. फोटोंना वर्णन जोडा, ‘भाजणीची चकली, डब्यात रचलेली’ इतकं साधं. फिक्या बदामी रंगावर केशरी अक्षरं सुंदर दिसतात, पण उन्हात अंगणात उभं राहून वाचून बघा. साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांप्रमाणे मजकूर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १ चालतो. तुमचा त्याहून बराच कमी आहे. केशरी रंग पट्ट्यांना ठेवा, अक्षरं गडद तपकिरी करा. बटणांची मापं त्याच निकषांच्या २०२३ च्या आवृत्तीत किमान २४ पिक्सेल दिली आहेत. मी ४४ च्या खाली जात नाही, पीठ लागलेल्या बोटांनीही फोन वापरला जातो.

व्हॉट्सॲप बंद करू नका. काही लोकांना माणसाशीच बोलायचं असतं आणि घरगुती व्यवसायाचं बळच ते आहे. फक्त प्रत्येक पदार्थाखालच्या व्हॉट्सॲप बटणात मजकूर आधीच भरलेला असू द्या, ‘भाजणीची चकली, ५०० ग्रॅम हवी आहे’ असा. समोरच्याने फक्त पाठवायचं. तुमचंही ‘कुठली? किती?’ हे विचारणं वाचेल. ऑर्डर कार्टमधून आली की व्हॉट्सॲपवरून, तुम्हाला सारखीच.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर घेतलंय? मी काम केलेल्या एका संस्थेचं डोमेन साइट करणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. पुढे वाद झाला, कंपनीने फोन उचलणं बंद केलं, मुदत संपली आणि नऊ वर्षं पत्रिकांवर छापलेला पत्ता हातचा गेला. संस्थेच्या ज्येष्ठ मंडळींनी किती खेटे घातले ते मी पाहिलंय. डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्या वहीत. होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या जागेचंही तसंच. तो मुलगा चांगला आहे हे मान्यच, पण तो उद्या नोकरीसाठी परदेशी गेला तर?

दुरुस्ती झाली की पाच जणांना बसवा. वापरणाऱ्याला कुठे अडतं याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये हिशेब मांडला होता, एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो. त्या हिशेबाने पाच जणांत ८५ टक्क्यांच्या आसपास सापडतात. पण पाचही जण एकाच घरातले नकोत. एक काकूंच्या वयाचे, एक हिंदी बोलणारी शेजारीण, एक पुण्या-बंगळुरातला भाचा व्हिडिओ कॉलवर, एक जुना स्वस्तातला फोन वापरणारं आणि एक जण तुमच्या फराळाचं नावही न ऐकलेला. काम सांगायचं आणि गप्प बसायचं. हात शिवशिवतात, ‘अहो, ते खालचं दाबा ना’ असं तोंडावर येतं, पण बोलायचं नाही. माणूस जिथे थांबतो ती जागा लिहून घ्यायची. ‘साइट आवडली का?’ हे विचारूच नका, सगळे हो म्हणतात.

हे सगळं एका जाणकार माणसाचं आठ-दहा दिवसांचं काम आहे. क्रम असा ठेवा: आधी दर, वजनाची बटणं आणि फॉर्म, मग फोटो, मग भाषा, रंग सगळ्यात शेवटी. एवढं करूनही साइट उभी राहत नसेल तर नवीचा विचार करू आणि तेव्हा त्या माणसाच्या हातात द्यायला तुमच्याकडे वही असेल.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र साइटमध्ये काही बदलू देऊ नका. काहीही बिघडलं तर दुरुस्त करायला तेव्हा कोणाला वेळ नसतो, तुम्हालाही आणि त्या मुलालाही. सगळं दसऱ्याच्या आत संपवा. त्या दिवसांत एकच ओळ वर हवी, बाहेरगावची शेवटची ऑर्डर कुठल्या तारखेपर्यंत आणि इंदूरमधली कधीपर्यंत. ती तारीख टळली की बाहेरगावच्या पिनकोडला साइटनेच ‘आता दिवाळीनंतर पाठवू’ असं सांगावं. आणि भाऊबीज झाली की ती ओळ काढायचं काम आत्ताच कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा, वहीच्या शेवटच्या पानावर.